पळसवाले, सावरवाले आणि वाकडा साकव

एका जंगलात राजा नव्हता. पूर्वी एक सिंह होता, पण तो शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. त्याच्यावाचून इकडे कुणाचं काही अडलं नाही, हे त्याला अजून कुणी कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका, बाळांनो. मोठ्यांची मनं जपावीत.

त्या जंगलाच्या मधोमध एक घळ होती. खोल म्हणजे किती खोल? वरून खडा टाकला, तर तो खाली पोचेपर्यंत टाकणारा विसरून जायचा की आपण खडा टाकला होता. घळीच्या अलीकडे सगळ्यांची बिळं, ढोल्या आणि घरटी. पलीकडे झरा. अलीकडे एक डबकं होतं, पण त्यातलं पाणी करवंदं पिकेपर्यंतच. करवंद काळं झालं की डबकं कोरडं ठणठणीत. मग पाणी प्यायचं तर घळ ओलांडायची.

ओलांडायला होता साकव. वेलींनी विणलेला, झुलता. घळीच्या मध्ये करंगळीसारखा एक सुळका उभा होता. अलीकडच्या काठापासून सुळक्यापर्यंत अर्धा साकव, सुळक्यापासून पलीकडच्या काठापर्यंत अर्धा.

साकव कुणाचा? कुणाचाच नाही. म्हणून सगळ्यांचा.

दरवर्षी पळस फुलला की कुजक्या वेली काढायच्या आणि नव्या घालायच्या. ज्याला हौस असेल त्यानं यावं. आवतण नाही, मजुरी नाही. वानरं उंच झाडांवरून वेली तोडून आणायची. शेकरं आपल्या बारीक बोटांनी गाठी मारायची. साळिंदरं काट्यांनी वेली सोलून द्यायची. गाठ कशी मारायची हे कुणापासून झाकून ठेवलेलं नव्हतं. ज्याला वाटेल त्यानं शिकावी, जमलं तर सुधारावी, वाटलं तर दुसऱ्या घळीवर नेऊन बांधावी. अट एकच. आपण शिकलो तशी पुढच्याला शिकवावी.

आणि एक रीत होती. गाठ एकानं मारायची, ओढून दुसऱ्यानं बघायची. कारण आपली गाठ आपल्याला घट्टच वाटते. जसं आपलं पोर आपल्याला गुणाचंच वाटतं. शेजारणीला विचारावं मग कळतं.

ओढून बघायचं काम ठमाक्काचं.

ठमाक्का होती खवले मांजर. नावात मांजर आहे म्हणून फसू नका. समोरून उंदीर आला तर तीच वाट सोडायची. अंगावर कौलांसारखे एकावर एक खवले, खाणं मुंग्यांचं, बोलणं थोडं. पण शेपूट! शेपटीचा विळखा गाठीला घालायचा, पुढचे पंजे शेजारच्या जुन्या वेलीत रोवायचे आणि घळीवर उलटं लोंबकळायचं. सगळा भार गाठीवर. गाठ टिकली की ठमाक्का म्हणायची, "हूं." सुटली की म्हणायची, "उंहूं." अख्ख्या हंगामात तिचे हे दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर सगळं जंगल घळ ओलांडायचं.

खोड एकच. कुणी आवाज चढवला की ठमाक्का गोळा व्हायची. नाक शेपटीत, शेपूट पोटाशी. मग आतून काही ऐकू येत नाही, असं ती सांगायची. यायचं सगळं.

साकवाच्या कामावर दोघांचा शब्द चालायचा. एक गेनूआप्पा वानर. पहिली वेल घळीपार टाकली ती यानं. त्यानंच एकदा ठमाक्काला फांदीला लोंबकळताना पाहिलं आणि म्हणाला, "ठमे, तुझ्या शेपटीएवढं खरं या जंगलात दुसरं काही नाही. ये कामाला." तोवर तिला कुणी कशाला बोलावलंच नव्हतं.

दुसरी सगुणाबाई शेकरू. गाठ शिकली आप्पाकडून, पण हात असा की आप्पाची गाठ पावसात सैल पडायची आणि सगुणाबाईची आवळायची. एका साली ठमाक्काचा पंजा मोडला. वारूळ उकरता येईना. तेव्हा सगुणाबाईनं झाडावरची मुंग्यांची घरटी तोडून तोडून पावसाळाभर तिच्या बिळासमोर आणून टाकली.

म्हणजे एकानं मान दिला, एकीनं घास दिला. आता तुम्हीच सांगा, यातलं विसरायचं कुठलं?

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. वानर एका उडीत सुळक्यावर, दुसऱ्या उडीत पलीकडे. शेकरूही तसंच. त्यांना पाण्याला जायला साकव लागायचाच नाही. तरी बिचारे दरवर्षी बांधायचे. याला म्हणतात हौस. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

त्या वर्षी पळस फुलला. पलीकडचा अर्धा साकव नव्यानं बांधून झाला. ठमाक्का प्रत्येक गाठीला लोंबकळली. हूं, हूं, हूं. मग अलीकडच्या अर्ध्याच्या कुजक्या वेली सोडवून घळीत टाकल्या. आता नव्या घालायच्या. तेवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की यंदा साकवाला कठडा लावू.

विचार चांगला होता. जंगलात जेवढी भांडणं झाली, ती सगळी चांगल्या विचारांवरूनच झाली.

वेली होत्या एकाच कठड्यापुरत्या. मग तो लावायचा कुठल्या बाजूला? सभा भरली.

गेनूआप्पा म्हणाला, "वारा येतो घळीच्या वरच्या अंगानं. कठडा वरच्या अंगालाच हवा. वारा अडेल."

सगुणाबाई म्हणाली, "आप्पा, वारा कधी कठड्यानं अडतो का? तो ढकलतो खालच्या अंगाला. पडणारा तिकडं पडतो. कठडा तिकडं हवा."

मागून म्हादबा कासव म्हणालं, "मला विचाराल तर..."

"थांब रे तू, कामाचं बोलणं चाललंय," आप्पा म्हणाला. "सगुणे, पहिली वेल टाकली कुणी?"

"तुम्ही. ती टिकली कुणाच्या गाठीनं?"

"गाठ शिकवली कुणी तुला?"

"तुम्हीच. ती सुधारली कुणी?"

"माझी गाठ सुधारायला मी तुला सांगितलं होतं?"

"नव्हतं सांगितलं. म्हणून तर सुधारली!"

शेकरं हसली. हसायला नको होतं. आप्पाचं तोंड मुळात काळं, ते आणखी काळं झालं.

"एवढं येतंय तर बांध की तुझा वेगळा साकव!"

"बांधतेच! गाठ काय कुणाच्या बापाची आहे?"

"नाहीच मुळी! म्हणून तर म्हणतो, बांध!"

आणि बघा, दोघंही रीतीला धरूनच बोलत होते. गाठ कुणाच्या बापाची नाही, हे दोघांनाही मान्य. भांडण असं नियमात बसणारं असलं की सोडवायला कुणाला तोंडच उरत नाही.

म्हादबा म्हणालं, "पण मला विचाराल तर..." तोवर सभा उठली होती. कासवाचं बोलणं त्याच्या चालण्यासारखंच. पोचतं, पण सगळे गेल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून जंगल दुभंगलं. आप्पाच्या माणसांनी, म्हणजे जनावरांनी, कानामागं पळसाचं फूल खोवलं. सगुणाबाईच्यांनी काटेसावरीचं खोवलं. दोन्ही फुलं लाल. त्यामुळे लांबून आपला कोण हे कळेना, जवळ जाऊनच भांडावं लागे.

आप्पाच्या साकवाचं नाव ठरलं मूळ साकव. सगुणाबाईच्या साकवाचं नाव ठरलं खरा साकव. साकव अजून एकही नव्हता. नावं मात्र दोन होती.

साळिंदराच्या घरात नवरा पळसवाला, बायको सावरवाली. रागानं दोघांचे काटे दिवसभर उभे. पोरं बिचारी बाहेर झोपायला लागली. सुगरणींच्या एका जोडीनं अर्धं घरटं विणून सोडून दिलं, कारण उरलेलं कुठल्या पद्धतीनं विणायचं यावर एकमत होईना. टिटवी रोज दोन्हीकडच्या बातम्या दोन्हीकडे पोचवायची. खोटं सांगायची नाही ती. फक्त ओरडून सांगायची.

आणि ठमाक्का? ठमाक्का रोज सकाळी डबक्यावर जायची आणि शेपूट बुडवून बघायची. ज्या दिवशी सभा झाली त्या दिवशी पाणी होतं बारा खवले. चार दिवसांनी अकरा.

पाचव्या दिवशी दोन्हीकडचे तिच्याकडे आले.

"ठमे," गेनूआप्पा म्हणाला, "सरळ सांग. तू कुणाच्या बाजूची?"

"ठमाक्का," सगुणाबाई म्हणाली, "घाबरू नकोस. मनातलं बोल. फक्त नीट विचार करून बोल. तो पावसाळा आठवून बोल."

ठमाक्काच्या मनात होतं ते एवढंच, की अलीकडचा अर्धा बांधा रे, पाणी अकरा खवलेच राहिलंय. पण आप्पाचा आवाज चढला, सगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ठमाक्का झाली गोळा.

"न बोलणं म्हणजे हो म्हणणं!" वानरं ओरडली आणि त्यांनी गोळा पळसाच्या झाडाखाली ढकलत नेला.

"अहो, ती मान खाली घालून बसली होती, म्हणजे तिला तुमची लाज वाटली!" शेकरं म्हणाली आणि गोळा सावरीखाली ढकलत आणला.

पुन्हा पळस. पुन्हा सावर. चौथ्या खेपेला उतार लागला. गोळा दोन्ही बाजूंच्या हातून सुटला आणि गडगडत जाऊन कोरड्या डबक्याच्या, नाही नाही, अजून अकरा खवले होतं ना, ओल्या डबक्याच्या काठाला चिखलात रुतला. दोन्हीकडच्यांनी आपापल्या सभेत जाहीर केलं की ठमाक्का आपली आहे, सध्या जरा विश्रांती घेते आहे.

चिखलातून निघाल्यावर ठमाक्कानं तोड काढली. सकाळी आप्पाकडे जायचं, दुपारी सगुणाबाईकडे. गाठ ती गाठ. तिला कुठं पक्ष असतो?

आता गंमत ऐका. उंच चढून वेली तोडणारे सगळे वानर. ते आप्पाकडे. बारीक बोटांनी गाठी मारणारी सगळी शेकरं. ती सगुणाबाईकडे. म्हणजे आप्पाकडे वेलींचा हा एवढा ढीग आणि गाठ मारायला कुणी नाही. सगुणाबाईकडे गाठीच गाठी आणि वेल नाही. होत्या त्या फक्त कठड्यासाठी राखून ठेवलेल्या वेली. ज्या कठड्यापायी एवढं रामायण झालं, त्याच्याच वेली सगुणाबाईनं साकवाला लावल्या. कठडा राहिला बाजूला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तोवर भांडणाला स्वतःचे पाय फुटले होते.

सकाळी ठमाक्का मूळ साकवाच्या पहिल्या गाठीला लोंबकळली. गाठ सुटली.

"उंहूं."

दुसरी. "उंहूं." तिसरी गाठ तर तिनं शेपूट लावायच्या आधीच सुटली.

गेनूआप्पा बघत होता. "ठमे, जोर जास्त लावलास तू."

तिनं मान हलवली. रोजच्याएवढाच.

"रोजच्याएवढा? मग गेल्या साली कशा टिकल्या?" आप्पा म्हणाला, पण गेल्या साली गाठी कुणाच्या होत्या हे आठवलं आणि त्याचा राग आणखी वाढला. "तुला सगुणेनं पाठवलंय! मी तुला मोठं केलं आणि तू माझ्याच गाठी सोडवत फिरतेस? चल, नीघ. आजपासून आमच्या गाठी आम्ही बघू."

ठमाक्का गोळा झाली, पण गोळ्याला जाता येत नाही. म्हणून उलगडली आणि गेली.

दुपारी ती खऱ्या साकवावर लोंबकळली. एकेक करत सुळक्यापर्यंत पोचली. हूं, हूं, हूं. शेवटच्या दोन गाठींना म्हणाली, "उंहूं."

सगुणाबाईनं कमरेवर हात ठेवले. "माझी गाठ आणि उंहूं? सकाळी आप्पाकडे होतीस ना तू? टिटवीनं सांगितलं मला. तिकडच्या सगळ्या सुटल्या म्हणून तोल सांभाळायला इकडच्या दोन काढल्यास, होय ना? ठमाक्का, मुंग्या काय आप्पानं आणून घातल्या होत्या तुला?"

मुंग्या सगुणाबाईनंच घातल्या होत्या. पण गाठी सैल होत्या. आता दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या अंगावर धावून आल्या की गरिबानं कुणीकडे बघावं?

ठमाक्का निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर सगुणाबाईनं इकडं तिकडं पाहिलं आणि त्या दोन गाठी हळूच सोडून पुन्हा मारल्या. राग रागाच्या जागी, गाठ गाठीच्या जागी. कारागीर होती ती, काहीही म्हणा.

पण वेली संपल्या. खरा साकव सुळक्याच्या खालच्या अंगाला येऊन थांबला. सुळक्याच्या वरच्या अंगाला भांडणाआधीच बांधलेला पलीकडचा अर्धा तयार होता, ठमाक्कानं स्वतः तपासलेला. त्याला पळसवाले आता मूळ साकव म्हणत. दोहोंच्या मध्ये सुळक्याचा वळसा. पाच हात. फक्त पाच हात.

"जोडून टाका की," गंगू भेकर म्हणाली. तिचं पिल्लू पोटात होतं, तिला तहान दोघांची लागायची.

"त्यांच्या वेलीला हात लावू? त्यापेक्षा साकव नको," शेकरं म्हणाली.

"त्यांच्या गाठीशी आमची वेल बांधू? त्यापेक्षा घळ बरी," वानरं म्हणाली.

आणि बोलून झाल्यावर दोघंही टुणटुण उड्या मारत पलीकडे पाणी प्यायला गेली.

डबक्यात राहिलं सात खवले. मग चार. मग दोन. करवंदं हिरवी होती ती लालसर झाली, लालसर होती ती काळी पडली. एके सकाळी ठमाक्कानं शेपूट टेकवली आणि वर उचलली, तर शेपटीच्या टोकाला नुसता चिखल.

तिच्या शेजारी ससे बसले होते. गंगू भेकर धापा टाकत उभी होती. म्हादबा कासव नेहमीप्रमाणे नुकतंच पोचत होतं. कुणी काही बोललं नाही. बोलायला तोंड ओलं लागतं.

ठमाक्का उठली. दोन्हीकडून हाकललेली, कुणाचंच फूल कानामागं नसलेली. (कानही जवळजवळ नव्हतेच तिला, फूल अडकणार कुठं?) आप्पाच्या वेलींचा ढीग काठावर वाळत पडला होता. तिनं त्यातल्या त्यात ओली वेल दातांत धरली आणि खऱ्या साकवावरून चालायला लागली.

"ठमाक्का, ती वेल पळसवाल्यांची आहे," एक ससा म्हणाला.

ती थांबली नाही.

"आणि तो साकव सावरवाल्यांचा आहे."

"हूं," ठमाक्का म्हणाली.

सुळक्याशी पोचल्यावर तिनं वेल सुळक्याभोवती फिरवली आणि एक टोक वरच्या अंगाला, पलीकडच्या अर्ध्याला बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा मारलेली गाठ. हजार गाठी तपासल्या होत्या, मारली एकही नव्हती. पण पाहून पाहून येतंच ना सगळं! गाठ अशी घट्ट दिसली, अशी देखणी दिसली, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. तिनं शेपटीचा विळखा घालण्यासाठी शेपूट उचलली.

आणि थबकली.

गाठ एकानं मारायची, ओढून दुसऱ्यानं बघायची.

तिनं मागं पाहिलं. तिच्या मागोमाग सगळे साकवावर आले होते. चालणारे सगळे. सगळ्यात पुढं म्हादबा.

"म्हादबा, ओढ ही," ठमाक्का म्हणाली.

"मी? मला कुठं येतंय? मी आपलं नुसतं चालणारं. आणि मला विचाराल तर..."

"तोंडात धर आणि ओढ."

कासवानं धरलं की ढग गडगडला तरी सोडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हादबानं वेल तोंडात धरली, चारी पाय कपारीत रोवले आणि मान आत ओढून घेतली. कासवाला ओढायचं म्हणजे मान आत घ्यायची, बस.

गाठ फस्सकन सुटली.

अशी देखणी गाठ! ठमाक्काला इतकी लाज वाटली की ती गोळा होणार होती. पण सुळक्याच्या कपारीवर गोळा होणं म्हणजे घळीत जाणं. मग तिनं लाज गिळली आणि गाठ पुन्हा मारली. म्हादबानं ओढली. सुटली. तिसऱ्यांदा मारली. म्हादबानं ओढली, टिकली. मग ते कडेवरून खाली सरकलं आणि सगळा भार टाकून घळीवर लोंबकळलं. हवेत लोंबकळताना तोंड उघडू नये, एवढं प्रत्येक कासवाला अंड्यातच शिकवतात. खाली खोल काळोख, वर वेलीला चिकटलेलं कासव.

गाठ जागची हलली नाही.

"हं," नाकातून म्हादबा म्हणालं. तोंड उघडता येत नव्हतं ना.

ढिगातल्या आणखी वेली आणून अशा बारा गाठी मारल्या. निम्म्या सशांनी ओढल्या, दोन गंगूनं. कुणालाच काम येत नव्हतं आणि सगळ्यांना तहान लागली होती, म्हणून काम भराभर झालं. दुपारपर्यंत सुळक्याला कमरपट्ट्यासारखा वळसा पडला. साकव झाला. अलीकडून सरळ, मध्ये वाकडा, पुन्हा सरळ.

पलीकडे पोचल्यावर गंगूनं झऱ्यात तोंड घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. ठमाक्कानं सवयीनं आधी शेपूट बुडवली. शेपूट मुळापर्यंत बुडाली. खवले मोजायचे राहून गेले.

टिटवीनं ही बातमी दोन्हीकडे ओरडली. दोन्हीकडचे धावत आले. गेनूआप्पा उडी मारून पलीकडच्या काठावर आला, सगुणाबाई अलीकडच्या काठावर उभी राहिली.

"बघा!" आप्पा म्हणाला. "मूळ साकव पुरा झाला. अलीकडचा भाग जरा कच्चा आहे, चालेल."

"बघा!" सगुणाबाई म्हणाली. "खरा साकव पोचला. पलीकडचा भाग जुनाट आहे, बदलून घेऊ."

"ठमे, सांग यांना. हा साकव कुणाचा?"

"सांग ठमाक्का!"

आवाज चढले. ठमाक्काचं नाक शेपटीकडे वळलं. पाठ वाकली. सगळ्यांना वाटलं, झाली गोळा.

पण पोटात गारेगार पाणी होतं. पोटात पाणी असलं की वाकायला जरा जड जातं. ती सरळ झाली आणि तिनं आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं.

"आप्पा, बाई, तुम्ही दोघं साकवावरून कधी चालला आहात का?"

आप्पानं सगुणाबाईकडे पाहिलं. सगुणाबाईनं आप्पाकडे पाहिलं. इतकी वर्षं बांधला, पण चालायची वेळ कधी आलीच नव्हती.

"चालायला काय लागतं!" आप्पा म्हणाला आणि पलीकडून निघाला.

"काही लागत नाही!" सगुणाबाई म्हणाली आणि अलीकडून निघाली.

चार पावलांवर साकव झुलला. घळीतून वारा उठला. आप्पानं शेपूट उभी केली, मग आडवी केली, मग ती धरायला काही मिळेना म्हणून स्वतःचीच धरली. सगुणाबाईची झुपकेदार शेपूट वाऱ्यानं शिडासारखी फुगली आणि बाईच शेपटीमागून फरफटत जायला लागली. "कठडा! कठडा कुठाय?" दोघंही ओरडत होती. कठड्याच्या वेली बाईच्या पायाखाली होत्या.

शेवटी सुळक्याच्या वळशाशी दोघं समोरासमोर आली आणि त्यांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली. तीन महिन्यांत त्यांच्यात एवढं घट्ट काही बसलं नव्हतं. ठमाक्कानं सवयीनं मनात म्हटलं, हूं.

"समेट झाला! समेट झाला!" टिटवी ओरडली. सगळ्यांनी कानामागची फुलं काढून घळीत टाकली. साळिंदराच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गेनूआप्पाचा श्वास बसला. तो म्हणाला, "सगुणे, चुकलो मी. तुझंच खरं होतं. वारा खालच्या अंगाला ढकलतो. कठडा तिकडंच हवा."

"नाही हो आप्पा," सगुणाबाई म्हणाली, "माझंच चुकलं. वाराच अडवायला हवा. कठडा वरच्या अंगाला. तुम्ही म्हणत होता तेच."

"अगं, मी सांगतो ना, तुझं बरोबर आहे."

"आणि मी सांगते ना, तुमचं बरोबर आहे."

"स्वतःचं बरोबर असलेलंही कळत नाही तुला?"

"तुम्हाला तरी कुठं कळतंय तुमचं?"

"मग बांध तुझा वेगळा!"

"बांधतेच!"

झालं. आता खरी पंचाईत पडली ती बाकीच्यांची. जे वानर कठडा वरच्या अंगाला हवा म्हणून तीन महिने भांडले, ते आता आप्पाचे की कठड्याचे? आप्पाबरोबर जावं तर कठडा सुटतो. कठड्याबरोबर जावं तर सगुणाबाईच्या मागं उभं राहावं लागतं. साळिंदराच्या नवऱ्यानं बायकोला विचारलं, "आता तू पळसवाली का मी सावरवाला?" तिनं काटे उभे केले. उत्तर माहीत नसलं की ती तसंच करायची.

दुसऱ्या दिवशी नवी फुलं शोधून काढली गेली. नवी नावंही ठरली. एका साकवाचं खरा मूळ साकव, दुसऱ्याचं मूळ खरा साकव. बांधकाम कधी सुरू होणार, याची सभा अजून चालू आहे.

मधल्या वाकड्या साकवाला कुणी नाव ठेवलं नाही. म्हणजे नावं पुष्कळांनी ठेवली, नाव कुणी दिलं नाही. ठमाक्का रोज सकाळी त्याच्या गाठींना लोंबकळते. तिनं स्वतः मारलेल्या बारा गाठी तेवढ्या म्हादबा बघतं. त्यामुळे तिची सकाळ लवकर संपते आणि म्हादबाची संध्याकाळपर्यंत चालते.

एकदा सगळे पाणी पिऊन निवांत बसले असताना म्हादबा म्हणालं, "मला विचाराल तर..."

त्या दिवशी कुणाला घाई नव्हती. सगळे थांबले.

"मला विचाराल तर," म्हादबा म्हणालं, "कठडा नकोच आम्हाला. आमच्यातल्या कुणाचा हात पोचतो तिथवर? ससा काय कानानं धरणार?"

तात्पर्य: एकीचं बळ वगैरे म्हणतात ते खरंच आहे, ते पाठ करावं, परीक्षेत विचारतात. पण साकव बांधायचा झाला, तर पुढारी असा नेमावा ज्याला उडी मारता येत नाही.